नळीवरचा आकडा

वेसेलने जेवणाच्या टेबलावर घोंगडी उलगडली आणि दोन नळ्या शेजारीशेजारी ठेवल्या. दोन्ही कोऱ्या, पांढऱ्या पोलादाच्या, बाहेरून सारख्याच जाड. फरक तोंडाशी होता. एकीचं भोक पेन्सिलीहून जरासं मोठं, दुसरीचं त्याहून मोठं. मग त्याने कोटाच्या खिशातून पिवळ्या फडक्यात बांधलेलं काहीतरी काढलं. ते मात्र टेबलावर न ठेवता त्याने हेस्टरच्या हातात दिलं.

फडकं सोडायची गरज नव्हती. रानरेड्याने तिच्या नवऱ्याला, युरीला, मारून त्याची रायफल मोडली तेव्हा दस्त्याच्या ढलप्या झाल्या होत्या आणि नळी वाकली होती. शाबूत राहिला तो एवढाच भाग, बोल्ट आणि तो ज्यात सरकतो ती पोलादी पेटी. गेली सहा वर्षं वेसेलने तो दुकानात तेल लावून ठेवला होता. आता त्याच्यावर त्या दोघांच्या मुलीची, आन्रीची, रायफल उभी राहायची होती.

"भिंगाखाली पाहिलं," वेसेल म्हणाला. "कुठे भेग नाही."

"मला सांगून काय उपयोग? वापरणार ती आहे."

"पण अडवणारी तू आहेस."

वेसेल तिच्या मयत सासूचा धाकटा भाऊ. मुसिनाला त्याचं बंदुका घडवायचं दुकान होतं आणि या घरात त्याला काहीही बोलायची मुभा होती.

आन्रीला ऑगस्टपासून नदीपलीकडे, झिम्बाब्वेत, सावेच्या खोऱ्यात नोकरी मिळाली होती. पाहुण्या शिकाऱ्यांना रानरेड्यापर्यंत न्यायचं, आणि त्यांनी जखमी करून सोडलेला रेडा दाट झाडीत शिरून संपवायचा. तिच्या बापाचंच काम. परवान्याची परीक्षा ती पहिल्या फेरीत पास झाली होती. हेस्टरने नको म्हणून पाहिलं होतं, मग रुसून पाहिलं होतं, आणि शेवटी एका अटीवर होकार दिला होता. नळीवर भोकाच्या मापाचा तीनशे पंचाहत्तर हा आकडा पडणार नाही.

युरीची रायफल तीनशे पंचाहत्तर होती. त्याच्या दोन गोळ्या रेड्याच्या छातीत सापडल्या, आणि तरी रेडा त्याच्यापर्यंत पोचला. हेस्टरला बाकी काही समजून घ्यायचं नव्हतं.

"चारशे अठ्ठावन्न," ओपा खिडकीजवळच्या खुर्चीतून म्हणाला. ओपा म्हणजे आजोबा; युरीच्या बापाला सगळं घर तसंच म्हणे. एक्क्याऐंशीव्या वर्षीही म्हाताऱ्याचा आवाज खणखणीत होता. हात मात्र मांडीवर ठेवलेले असतानाही थरथरत. "यात बोलण्यासारखं काय उरलंय? ठसे आणलेत ना?"

"आणलेत."

या नॉर्किए कुटुंबात रायफलीचा आकडा कारखान्यात पडत नाही. नळी घरी येते आणि घरातला सगळ्यात मोठा पुरुष सगळ्यांसमोर एकेक अंक हातोडीने ठोकतो. एकदा ठोकला की त्यावर चर्चा नाही. मधल्या बोळातल्या कपाटात उभ्या असलेल्या रायफलींवरचे आकडे त्यामुळे थोडे वाकडे आहेत, आणि कुणाच्या हातचा कुठला हे घरातल्या पोरांनाही ओळखता येतं.

बारेंड स्वयंपाकघरातून कॉफीचा मग घेऊन आला. हा युरीचा थोरला भाऊ, आणि युरीच्या माघारी शेत आणि शिकारीचा धंदा सांभाळणारा. त्याने बारीक भोकाची नळी उचलली, डोळ्याला लावली आणि खाली ठेवली. मामाला तो ऊम म्हणे.

"ही कशाला वागवत आणलीस, ऊम वेसेल? पडद्याच्या दांडीला?"

"तुझ्या घरात पडदे कुठेत?"

"मी सांगतो ना. तीनशे पंचाहत्तरने रेड्याला गुदगुल्या होतात. अंगावर येणारा रेडा थांबवायचा तर अठ्ठावन्नच. हेस्टर, तू ऐकू नकोस याचं."

"मी तुझ्याच बाजूची आहे, बारेंड," हेस्टर म्हणाली. सहा वर्षं ती त्याच्याच बाजूची होती. रेडा शेवटी त्याच्याच गोळीने पडला होता, आणि युरीला झाडीतून उचलून त्यानेच आणलं होतं.

आन्री दारात उभी होती. सडपातळ, बापासारखे रुंद खांदे, केस मागे घट्ट बांधलेले. "माझं कुणी विचारणार आहे का?"

"तू काय म्हणतेस ते सगळ्यांना ठाऊक आहे, पोरी," ओपा म्हणाला.

"ओपाला ठाऊक आहे, पण ओपाने ऐकून घेतलं नाही." घरात थोरांना कुणी तुम्ही म्हणत नसे, नात्यानेच बोलत. तेच आदराचं, आणि रागाचंही. "मला जी नेमाला बसेल ती हवी. आकडा कुठलाही असो."

वेसेलने घोंगडी पुन्हा गुंडाळायला घेतली. "मी आधी गोळ्या झाडून घेतो, मग नळी कापतो. माझी रीत आहे. गिऱ्हाईक नात्यातलं म्हणून ती बदलणार नाही. बारेंड, तुझी अठ्ठावन्न घे बरोबर. तीनशे पंचाहत्तर माझी आहे गाडीत."

"आणि मी येते," हेस्टर म्हणाली.

तिने सहा वर्षांत बंदुकीचा बार जवळून ऐकला नव्हता. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

*

कोरड्या नदीकडे जाणारी वाट अर्ध्या मैलाची. बाकीचे वेसेलच्या गाडीतून पुढे गेले. बारेंडच्या पिकअपमध्ये शेजारी फिनियास बसला होता, मांड्यांमध्ये अठ्ठावन्न उभी धरून. फिनियास मलुलेके हा जनावरांचा माग काढणारा. आधी युरीबरोबर, मग बारेंडबरोबर, आणि ऑगस्टपासून आन्रीबरोबर सावेला.

"तुझं काय म्हणणं आहे?" बारेंडने विचारलं.

"माझं म्हणणं थंडी फार आहे."

"रायफलीबद्दल."

"माग काढणारा पुढे चालतो. बंदूकवाला मागे," फिनियास म्हणाला. "मागची गोळी माझ्या कानाजवळून जाणार. कुठल्या आकड्याची का असेना, माझ्या कानाला सोडून जावी."

"अठ्ठावन्नची गोळी रेड्याला लागली की रेडा उरत नाही."

"आणि मला लागली की?"

बारेंड हसला. फिनियासही हसला. मोपानेच्या झाडांची लाल पानं टपावर पडत होती.

बारेंडला सकाळपासून खांद्यात काहीतरी जाणवत होतं. दुखत नव्हता, नुसता जागा होता. हलक्या रायफलीने तो उत्तम नेमबाज होता. पळतं इम्पाला हरण त्याच्या हातून सुटत नसे, आणि तालुक्याच्या स्पर्धेच्या दोन ढाली हॉलमध्ये टांगलेल्या होत्या. अठ्ठावन्न मात्र वेगळी. ती सरावाला कुणी काढत नसे. ओपाची शिकवणच तशी होती: सराव छोट्या बंदुकीवर करावा, मोठी जनावरासाठी राखावी. वर्षातून एकदा, हंगामाच्या आधी, वाळूच्या पिशवीवर टेकवून दोन बार काढायचे आणि पुसून ठेवायची. हे सगळ्यांनाच पटलेलं होतं. तिचा धक्का खाऊन कुणाला मजा येत नव्हती.

युरी गेला त्या दिवशी देवनळाच्या दाट जाळीत तो त्याच्या उजव्या हाताला होता. काय झालं ते त्याने पोलिसांना, ओपाला, हेस्टरला एकाच शब्दांत सांगितलं होतं. रेडा निघाला, युरीने झाडली, मी झाडली, युरीने पुन्हा झाडली, रेडा थांबला नाही. माझी पहिली आरपार गेली असणार, कारण ती रेड्यात सापडली नाही. दुसरी मानेत, तेव्हा रेडा पडला. यात खोटं काही नव्हतं. फक्त युरीने झाडली आणि मी झाडली याच्यामध्ये एक जागा होती, काळी, जिथे त्याला काही आठवत नसे. धांदलीत तसं होतं, असं तो धरून चालला होता.

"हेस्टर कशाला आली?" तो म्हणाला.

"मुलगी तिची आहे," फिनियास म्हणाला.

*

नदीच्या काठाला एक जुनं वारूळ होतं, माणसाहून उंच. वेसेलने त्याला पत्र्याच्या डब्याचं झाकण टेकवून ठेवलं. पन्नास पावलांवर घडीचं टेबल मांडून त्यावर मेणकापड घातलं. ओपाला गाडीतून उतरवून कॅनव्हासच्या खुर्चीत बसवलं. हेस्टर त्याच्या मागे, कानात कापूस घालून उभी राहिली.

वेसेलची रीत आन्रीने ऐकली होती, पाहिली नव्हती. तो पाठ करून उभा राहायचा, रायफलीत एकच काडतूस भरायचा आणि तुमच्या हातात द्यायचा. ते काडतूस कधी खरं असायचं, कधी पोकळ. पोकळमध्ये दारूऐवजी वाळू, म्हणजे वजन तेच. झाडणाऱ्याला कळत नसे. उभ्याने झाडायचं, टेकू नाही.

"आधी माझी," वेसेल म्हणाला आणि तीनशे पंचाहत्तर तिच्या हातात दिली.

बार झाला. झाकण खणखणलं. धक्का तिला कळला, पण खांद्याने तो घेतला आणि सोडला. पुन्हा तिच्या हातात रायफल आली. तिने नेम धरला, चाप ओढला. टक्. काहीच झालं नाही. नळी होती तिथेच होती, टोकाची नेमाची माशी झाकणाच्या मध्यावर.

"हं," वेसेल म्हणाला.

असं आणखी काही वेळा झालं. एका पोकळ काडतुसाला तिची नळी किंचित हलली, आणि ती स्वतःवरच चिडली.

"आता अठ्ठावन्न," बारेंड म्हणाला. "आतापर्यंत खेळ झाला."

पहिल्याच बाराने ती एक पाऊल मागे गेली. झाकणाच्या वर वारुळाचं ढेकूळ उडालं. गालाचं हाड झणझणलं. दुसऱ्यांदा रायफल हातात आली तेव्हा तिला स्वतःचा श्वास ऐकू येत होता. आतून कुणीतरी म्हणत होतं, आता येईल, आता येईल. तिने चाप ओढला. टक्. आणि सगळ्यांसमक्ष नळीचं तोंड वीतभर खाली आलं, जणू कुणी वरून दाबलं.

ती लाल झाली. "पुन्हा दे."

पुन्हा तेच झालं. या वेळी थोडं कमी, पण झालं.

"बघितलंस?" वेसेल तिला म्हणाला, शांतपणे. "गोळी सुटायच्या आधीच तू तिला भिऊन खाली ढकलतेस. यात लाज नाही. अंगाला पुढचं कळतं."

"सवयीने जातं," बारेंड म्हणाला. "मी सतरा वर्षांचा असताना मलाही व्हायचं. आण इकडे, दाखवतो. आन्री, पायांकडे बघ."

वेसेलने रायफल दिली नाही. "तुझी परीक्षा घ्यायला नाही आलो, बारेंड."

"परीक्षा कसली, पोरीला दाखवतोय."

"राहू दे."

"ऊम वेसेल आता मला भितो की काय?"

वेसेलने ओपाकडे पाहिलं. ओपाला वाटलं वेसेल उगाच वेळ घालवतोय. "भर," ओपा म्हणाला.

वेसेल पाठ करून उभा राहिला. बारेंडने रायफल घेतली, पाय रोवले, गाल दस्त्याला लावला. उभं राहणं देखणं होतं. आन्रीने लहानपणापासून पाहिलेलं. बार झाला, आणि झाकणाच्या खाली वाळू उडाली.

"वाऱ्याने डोळ्यात पाणी आलं," बारेंड म्हणाला. "दुसरं दे."

आन्री त्याच्या डाव्या हाताला होती आणि त्याने सांगितल्याप्रमाणे पायांकडे बघत होती. पण चाप ओढला जायच्या क्षणी तिची नजर वर गेली. त्याचे डोळे मिटलेले होते. दोन्ही. लहान मूल औषधाचा चमचा तोंडाशी आल्यावर मिटतं तसे. टक्. त्याचा सगळा खांदा पुढे कोसळला आणि नळीचं तोंड खाली गेलं, खूप खाली, समोरच्या वाळूकडे.

तो तसाच उभा राहिला. मग त्याने डोळे उघडले आणि नळी कुठे आहे ते पाहिलं.

दूर कुठेतरी गिनी कोंबड्या ओरडत होत्या. आन्रीला मान वळवून आईकडे बघायचं नव्हतं, पण तिने पाहिलं. हेस्टर बारेंडकडे बघत नव्हती. नळीच्या तोंडापासून जमिनीपर्यंत तिची नजर एक सरळ रेघ काढत होती, आणि जिथे ती रेघ वाळूला टेकत होती तिथे ती बराच वेळ बघत राहिली. मग तिने कानातला कापूस काढला.

"जेवायला चला," ती म्हणाली. "भांडं चुलीवर आहे."

*

फिनियास एरवी ओसरीच्या पायरीवर जेवत असे. हे कुणी ठरवलेलं नव्हतं आणि कुणी बदललेलंही नव्हतं. आज हेस्टरने टेबलाशी एक खुर्ची जास्त ओढली आणि त्याला आत बोलावलं. नळ्या बाजूच्या फडताळावर ठेवल्या होत्या.

जेवणाआधी प्रार्थनेला सगळे एकमेकांचे हात धरतात. ओपाने आपला उजवा हात आन्रीला दिला, डावा वेसेलला. समोर हेस्टर आणि बारेंड नेहमीसारखे शेजारी होते. ओपाने डोळे मिटले नाहीत. तो बघत होता. बारेंडचा हात टेबलावर होता, तळवा वर, कुणाकडेही न सरकवलेला. हेस्टरने तो बराच वेळ तसाच राहू दिला. मग धरला.

ओपाने प्रार्थना म्हटली. ती रोजचीच होती, पण मध्ये एका शब्दावर तो अडला आणि वेसेलने हळूच पुढचा शब्द दिला.

बारेंडला तो सतरा वर्षांचा असताना अठ्ठावन्न ओपानेच दिली होती. थोरल्याला मोठी, धाकट्याला लहान, यात विचार करण्यासारखं त्याला काही वाटलं नव्हतं. पहिल्या दिवशी पोराचा खांदा काळानिळा झाला. तो पाण्याच्या टाकीमागे जाऊन बसला आणि ओपा बायकोला हसत म्हणाला होता, होईल सवय. झाली होती सवय. कशाची, ते आज दिसलं.

मांस, बटाटे आणि भोपळा ताटात वाढला गेला. फक्त वेसेल जेवत होता.

"फिनियास," हेस्टर म्हणाली. "तू होतास तिथे. तू पाहिलंस?"

फिनियासने काटा खाली ठेवला. "मी रेड्याकडे बघत होतो. रेडा येत असताना मागे कोण बघतं?"

"नंतरही कधी वाटलं नाही?"

"वाटलं असतं तर आजपर्यंत याच्यापुढे चाललो असतो का?"

मग बारेंड बोलला. आवाज नेहमीचाच होता, फक्त हळू.

"मला वाटायचं सगळ्यांचेच डोळे मिटतात."

वेसेलने सुरी ताटात आडवी ठेवली.

"खरंच. इतका आवाज होतो, इतका धक्का बसतो. मला वाटायचं सगळेच मिटतात आणि कुणी सांगत नाही." त्याने ताट थोडं पुढे सरकवलं. "ती आरपार नव्हती गेली, हेस्टर."

"हो."

"वाळूत गेली असणार."

"मी पाहिलं, बारेंड."

ओपाला वाटलं ती आता उठेल, नाहीतर काहीतरी फेकेल, आणि तो तिला थांबवणार नव्हता. पण हेस्टर वेसेलकडे वळली. "युरीच्या दोन छातीत होत्या. तरी तो आला. मग लहान आकडा कमी पडलाच ना? की तेही माझं चुकलं?"

वेसेलने तोंड पुसलं. "छातीत लागलेला रेडा मरतोच. पण उभ्या जागी मरत नाही. काही पावलं धावतो. अठ्ठावन्न छातीत लागली तरी धावला असता, कदाचित दोन पावलं कमी. उभ्या जागी पाडायचा तर गोळी मेंदूत जायला लागते, नाहीतर मणक्यात. ती वाट सोड्याच्या बाटलीच्या बुचाएवढी. म्हणून तर आत जाताना…" तो थांबला.

"म्हणून तर दोघं जातात," बारेंडने वाक्य पुरं केलं. "म्हणून तर मी उजवीकडे उभा होतो."

हेस्टरचा हात तोंडाशी गेला. ती रडली नाही. थोड्या वेळाने तिने हात खाली घेतला. "सहा वर्षं मी युरीला दोष दिला," ती म्हणाली. "एवढी लहान बंदूक घेऊन गेलाच कशाला म्हणून. रोज."

आन्री उठून तिच्या खुर्चीमागे उभी राहिली. मग ती ओपाशी बोलली, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशी.

"ओपा, मला अठ्ठावन्न नको. आज मला ती जमत नाही आणि ऑगस्टपर्यंत जमणार नाही. सावेला फिनियास माझ्यापुढे चालणार आहे. नेम कुठे जातो ते मला ठाऊक असायला हवं. मला तीनशे पंचाहत्तर हवी."

"आणि कमी पडली तर?" ओपाने विचारलं. हा विरोध नव्हता. त्याला खरंच उत्तर हवं होतं.

"मी रोज झाडीन. राखून नाही ठेवणार."

"नळी दोन्हींची सारखीच जाड आणली आहे मी," वेसेल म्हणाला. "उद्या तिचा खांदा तयार झाला तर हीच आतून कोरून चारशे सोळा करून देईन. पुढे अठ्ठावन्नसुद्धा. भोक मोठं करता येतं. मोठं झालेलं लहान करणारा कारागीर मला अजून भेटला नाही."

"फिनियास?" ओपा म्हणाला.

"माझे कान म्हणतात तीनशे पंचाहत्तर, मदाला," त्याच्या भाषेत वडीलधाऱ्याला म्हणतात तसं तो म्हणाला.

ओपाने हेस्टरकडे पाहिलं. अट तिची होती. ती उठली, फडताळाकडे गेली आणि दोन्ही नळ्यांच्या तोंडांवरून बोट फिरवलं. मग बारीक भोकाची नळी उचलून टेबलावर आणली आणि ताटं बाजूला सारली.

"हिच्यावर ठोकायचं," ती म्हणाली.

वेसेलने नळीखाली शिशाची लादी ठेवली आणि लाकडी डबीतून तीन ठसे काढले. बोटभर लांबीच्या पोलादी कांड्या, टोकाला एकेक अंक. एका हाताने ठसा उभा धरायचा, दुसऱ्याने हातोडी मारायची. ओपाने तीनचा ठसा नळीवर टेकवला. तो टेकेना. थरथर बोटांतून ठशात उतरत होती आणि पोलादावर टकटक वाजत होती. त्याने दुसऱ्यांदा टेकवून पाहिलं. मग ठसा खाली ठेवला.

"मी ठोकते, ऊम वेसेल धरेल," असं आन्री म्हणेल, असं त्याला वाटलं, पण ती ठशाकडे बघत राहिली. वेसेलही पुढे झाला नाही.

"बारेंड," ओपा म्हणाला. "धर."

बारेंड जागचा हलला नाही. "ओपा, मी नको."

"ठोकायचं मीच. दुसरा कोण धरणार?"

सगळ्यांना दिसत होतं काय मागितलं जातंय. हातोडी जड होती आणि ओपाचा नेम गेलेला होता. ठसा धरणाऱ्याची बोटं ठशाच्या डोक्याखाली दोन बोटांवर असतात.

बारेंडने खुर्ची मागे केली. टेबलाला वळसा घालून तो आला, ठसा अंगठा आणि दोन बोटांत धरला आणि नळीवर टेकवला. त्याचा हात स्थिर होता. ओपाने हातोडी उचलली. खाली येताना ती हवेत थोडी हेलकावली आणि ठशाच्या कडेवर बसली. पोलादावर तीन उमटला, डावीकडे झुकलेला.

बारेंडने डोळे मिटले होते. आन्रीने पाहिलं, वेसेलने पाहिलं.

त्याने सातचा ठसा घेतला. या वेळी हातोडी त्याच्या अंगठ्याला चाटून गेली. त्याने हात मागे घेतला नाही, पण डोळे पुन्हा मिटले होते, आणि उघडल्यावर तो कुणाकडेही बघू शकला नाही. नखाखाली रक्त जमत होतं.

"फडकं आणू?" आन्रीने विचारलं.

"नको."

पाचचा ठसा राहिला होता. बारेंडने तो धरला. हेस्टर टेबलाच्या त्या बाजूने आली आणि त्याच्या शेजारी उभी राहिली, प्रार्थनेच्या वेळी असते तितकी जवळ. तिने त्याला हात लावला नाही.

"डोळे उघडे ठेव, बारेंड," ती म्हणाली.

त्याने होकारार्थी मान डोलावली. ठशाच्या टोकावर, जिथे ते पोलादाला टेकलं होतं, त्याने नजर रोवली. ओपाने दोन्ही हातांनी हातोडी उचलली.